गाळलेले पाणी

अंबरनाथच्या एका जैन व्यापारी कुटुंबात दिवसाचा आरंभ पाणी गाळण्याने होतो. सासूबाई हंड्याच्या तोंडावर दुहेरी वस्त्र धरतात व सावकाश पाणी ओततात. त्यांच्या माहेरी ज्या विहिरीचे पाणी काढले, त्याच विहिरीत जिवाणी परत सोडण्याची रीत होती. विहिरी गेल्या, नळ आले. वस्त्र मात्र राहिले.

यंदा घरातील सून गर्भवती आहे. डॉक्टरांनी पालेभाजी भरपूर खाण्यास सांगितले, म्हणून दुप्पट दर देऊन सेंद्रिय भाजी घरपोच येऊ लागली. एके दिवशी सुनेने सहज विचारले, ‘‘दादा, शेताला पाणी कुठले?’’ विक्रेता प्रामाणिक होता. तो म्हणाला, ‘‘ताई, औषध फवारत नाही, रासायनिक खतही घालत नाही. पाणी मात्र वालधुनीचे. दुसरे आणू कुठून?’’

त्या उत्तराने सून अस्वस्थ झाली. अंबरनाथचे इ. स. 1060 मधील शिलाहारकालीन शिवमंदिर याच वालधुनीच्या काठी उभे आहे. आज तीच नदी कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी घेऊन उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. 2014 च्या अखेरीस तिच्यात टँकरमधून रासायनिक द्रव सोडला गेला, तेव्हा उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वासाचा त्रास होऊन रुग्णालय गाठावे लागले होते. बदलापूरवरून वाहणारी उल्हास नदीही सांडपाण्याच्या भारातून सुटलेली नाही.

‘सेंद्रिय’ हा शब्द शेतकऱ्याने शेतात काय घातले नाही, ते सांगतो. पाण्याने काय आणले, ते सांगत नाही. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल हे धातू कीटकनाशकांप्रमाणे कालांतराने विघटित होत नाहीत. ते मातीत साठत जातात. कॅडमियम तर पालक, माठ यांसारख्या पालेभाज्या मुळांवाटे सहज शोषून घेतात. काही फॉस्फेटयुक्त खतांतून कॅडमियम येते. तेवढ्यापुरता सेंद्रिय शेतीचा लाभ खरा आहे. परंतु दूषित पाणी किंवा शहरी कचऱ्याचे खत वापरले, तर तो लाभ वाहून जातो. पानांवर बसलेली शिशाची धूळ धुतल्याने बरीच जाते. पानाच्या आत शिरलेला धातू धुऊन, शिजवून वा उकळून जात नाही. म्हणूनच आपल्या अन्नसुरक्षा नियमांत पालेभाजीच्या एका किलोत शिसे 0.3 मिलिग्रॅम व कॅडमियम 0.2 मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. आईच्या रक्तातील शिसे नाळेवाटे गर्भापर्यंत पोहोचते आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीस बाधा आणते.

रात्री सुनेने हे सारे सांगितले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘मग उद्यापासून भाजी दोनदा धुऊ, पाणीही दोनदा गाळू.’’

‘‘आई, वस्त्रात जीव अडकतो, पाण्यात विरघळलेले शिसे अडकत नाही,’’ सून हळूच म्हणाली.

सासरे इतका वेळ गप्प होते. जीन्स रंगविणाऱ्या व धुणाऱ्या कारखान्यांना रंग व रसायने पुरविण्याचा त्यांचा तीस वर्षांचा व्यवसाय. शेतकऱ्याला दोष देणे सोपे होते. पण आपल्या दुकानातून गेलेल्या पिंपांचे पुढे काय होते, हे त्यांनी कधी विचारले नव्हते. वसुली वेळेवर झाली की व्यवहार संपला, असेच ते मानत आले होते.

दुसऱ्या दिवसापासून घरात बोअरवेलवर पिकणारी भाजी येऊ लागली. त्या विक्रेत्याच्या पालकाचा व बोअरवेलवरच्या पालकाचा, असे दोन्ही नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत धातूंच्या तपासणीसाठी गेले. पेढीवर मात्र अवघड काम झाले. सासऱ्यांनी प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला सांडपाणी प्रक्रियेचे कागद मागितले. दोघांनी दाखविले. एकाने हसून विषय बदलला; त्याची मोठी मागणी त्यांनी परत केली. त्या महिन्याच्या हिशेबात खोट दिसली. मुनीमजींनी कारण विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘‘विहिरीत जिवाणी परत सोडणाऱ्या घरातले आपण. नदीत काय सोडले जाते, तेही पाहायला हवे.’’

सासूबाई आजही पहाटे पाणी गाळतात. सून शेजारी बसून वस्त्र धरते.