देरच्या तळ्याकाठी

वाचकहो, धरणाच्या पाण्याकाठी बसून तुमच्यापैकी किती जणांनी मजेत भाकरी खाल्ली आहे? आमच्या घरात कुणी खाल्ली नव्हती. आमचं गाव भीमेकाठचं. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, त्याच्या आधीच आमचं गाव उठलं होतं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. नवं गावठाण माळावर मिळालं. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यानंतर पस्तीस वर्षं जगले, पण फुगवट्याच्या पाण्यात त्यांनी कधी पाय बुडवला नाही. काठाने जाताना काठी उचलून दाखवायचे, "ती तिथं चिंच. तिच्या पल्याड आपली विहीर." आम्ही बघायचो. नुसतं पाणी दिसायचं.

हे आधी सांगितलं, कारण पुढची हकिगत फ्रान्सची आहे आणि ती सहलीची आहे.

माझा धाकटा मुलगा तिकडे रँस नावाच्या शहरात नोकरीला आहे. गेल्या वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबर असे तीन महिने मी त्याच्याकडे राहिले. ऑगस्टात तिकडे निम्मा देश सुट्टीवर असतो. सगळेच काही समुद्रावर जात नाहीत. खेड्यापाड्यांतली माणसं डबा बांधून जवळच्या तळ्यावर जातात. बऱ्याच गावांना आपलं एखादं तळं असतं, काठाला झाडं, दोन-चार बाकं, गळ टाकून बसलेले म्हातारे. मुलगा म्हणाला, "आई, तुला मोठं तळं दाखवतो." मी थालीपिठं केली, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि रविवारी सकाळी मोटारीने निघालो.

दीड तासाचा रस्ता. आधी सगळी चुनखडीची पांढुरकी जमीन, डोळा पोचेल तिथवर सपाट. गहू निघून गेलेला, पेंढ्याचे गोल गठ्ठे रानात पडलेले आणि मध्ये साखरबीटाची हिरवीगार शेतं. तिकडे साखर उसाची नाही, या कंदाची होते. वित्री गाव ओलांडलं की मात्र माती बदलते. चिकण जमीन, कुरणं, गाई, ओकची झाडं. घरं लाकडी सांगाड्याची आणि भिंतीत माती व पेंढा कालवून भरलेला. तुम्हाला सांगते, त्या भिंतीला हात लावला आणि आमच्या जुन्या घराची पडवी आठवली.

तळं आलं, आणि पलीकडचा काठ दिसेना. देरचं तळं म्हणतात त्याला. जवळजवळ १२,००० एकरांवर पाणी. काठाने सायकलींसाठी वेगळी वाट. पाण्यावर शिडाच्या होड्या. पोहण्याच्या जागी वाळू आणून टाकलेली, दोरी बांधून हद्द आखलेली आणि उंच खुर्चीवर राखणदार बसलेला. त्याने लाल निशाण लावलं की कुणी पाण्यात उतरायचं नाही, आणि खरंच कुणी उतरत नाही! आजी, नातवंडं, लेकुरवाळ्या बाया, सगळं कुटुंबच्या कुटुंब पाण्यात.

मासे धरणाऱ्यांची गंमत तर ऐका. गळ टाकायला आधी पैसे भरून कार्ड काढावं लागतं. एकाने माझ्यासमोर चांगला सात-आठ किलोचा कार्प ओढला. तसला मासा आपल्याकडे बाजारात मिळतो. त्याने तो ओल्या गादीवर निजवला, मापला, फोटो काढला आणि अलगद पाण्यात सोडून दिला. मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "इथं बरेचजण असंच करतात." दिवसभर बसून मासा परत सोडायचा, ही हौस मला काही कळली नाही.

जेवणं झाल्यावर आम्ही दुसऱ्या अंगाला गेलो. पाण्यात शिरलेली जमिनीची एक जीभ होती आणि तिच्यावर एकटं दगडी चर्च उभं होतं. आजूबाजूला घर नाही, गल्ली नाही, दुकान नाही. तिन्ही अंगांनी पाणी. देऊळ आहे आणि गाव नाही, हे बघितल्यावर मला कुणी काही सांगायची गरज राहिली नाही. मी तिथंच गवतावर बसले.

मग मुलाने फलक वाचून दाखवला. जानेवारी १९१० मध्ये सीन नदीला महापूर आला आणि पॅरिस शहर पाण्यात गेलं. पुढे सीन आणि तिला मिळणाऱ्या नद्यांचं पाणी वरच अडवायचं ठरलं. मार्न नदीचं पाणी कालव्याने वळवून हे तळं भरतात, ते १९७४ साली पुरं झालं. हिवाळ्यापासून भरायचं, उन्हाळ्यापासून पुढे हळूहळू सोडायचं, म्हणजे पूरही ओसरतो आणि कोरड्या दिवसांत पॅरिसला पाणीही मिळतं. साठा सुमारे बारा टीएमसीचा, उजनीचा नववा हिस्सासुद्धा नाही. पण तीन गावं गेली. शांतकॉक, शांपोबेर आणि न्युइझमाँ. शहर वाचावं म्हणून खेडी गेली. ही गोष्ट मला फ्रेंच येत नसतानाही पाठ होती.

चर्चच्या भिंतीशी बाकावर पंचाहत्तरीची एक बाई बसली होती. सून आणि नातवंडं खाली पाण्याशी. मुलाने बोलणं काढलं. ती शांपोबेरचीच निघाली. तिने काठी उचलली आणि पाण्याकडे रोखून ती सांगू लागली, शाळा तिथं, गोठा तिथं, रस्ता असा वळायचा. वाचकहो, माझ्या अंगावर काटा आला. अण्णांचा हात तोच, काठीही तीच, फक्त भाषा निराळी.

मी मुलाकरवी विचारलं, "तुम्हाला या पाण्यात पाय घालवतो कसा?" विचारू नये ते विचारलं. ती रागावली नाही. पहिली दहा वर्षं ती इकडे फिरकलीच नव्हती म्हणे. मग नातवंडं झाली, त्यांना पोहायला शिकायचं होतं, आणि जवळचं पाणी हेच. "मी नाही आले तर गाव कुठं होतं ते त्यांना कोण दाखवणार?" एवढं म्हणून तिने आमच्या डब्यातलं थालीपीठ घेतलं, तिखट लागलं म्हणून हसली.

न्युइझमाँचं चर्च लाकडी. ते सोडवून काठावरच्या सेंत-मारी-द्यु-लाक गावाजवळ पुन्हा उभं केलं आहे. शेजारी त्या मुलखातली जुनी अवजारं, घरातल्या वस्तू वगैरे मांडून ठेवल्या आहेत. ते बघण्यात तास गेला. पण मला त्याहून मोठी वाटली ती साधी रस्त्यावरची पाटी. काठच्या गावांची नावं बघा : जिफोमाँ-शांपोबेर, सेंत-मारी-द्यु-लाक-न्युइझमाँ. बुडालेल्या गावाचं नाव शेजारच्या जित्या गावाने आपल्या नावात घेतलं. आणि तिसरं, शांतकॉक, ते तळ्यालाच दिलं. पुरं नाव देर-शांतकॉकचं तळं. शांतकॉक शब्द फोडला तर त्यात कोंबडा आरवतो. आमच्या गावाचं नाव नव्या गावठाणाला आहे खरं, पण पाण्याकाठी ते कुठंच नाही.

ऑक्टोबर सरता सरता आम्ही पुन्हा गेलो. तळं ओळखू येईना. पाणी मागे हटलेलं, सगळीकडे गाळ, पोहणारे नाहीत. पण संध्याकाळी उत्तरेकडून क्रौंच पक्षी उतरायला लागले. रांगाच्या रांगा, आणि आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. थंड मुलखातून स्पेनकडे जाताना ते इथं मुक्काम करतात. काही वर्षी लाखाच्या वर मोजले आहेत. दिवसा ते भोवतालच्या रानांत मक्याचा सांडलेला दाणा टिपतात. नवी पेरणी झालेली असेल तर तीही उकरतात, तेव्हा शेतकऱ्यांची कटकट असणारच. बघ्यांची मात्र गर्दी, थंडीत दुर्बिणी घेऊन. मला भिगवणचे रोहित आठवले. तिकडेही पुण्या-मुंबईचे लोक येतात, होडीत बसतात. मी शेजारच्या तालुक्यातली असून कधी गेले नव्हते.

या मे महिन्यात गेले. थोरल्या भावाला म्हटलं, पोरांना घे, डबा मी करते. तो आधी नाहीच म्हणाला. मग टोपी घातली आणि पुढं होऊन चालू लागला. उन्हाने पाणी खूप आत गेलं होतं. पाणी असं फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. आमच्या गावचं तसं काही वर येत नाही. काठाशी गाळ फार, म्हणून पोरांना पाण्यात उतरू दिलं नाही. बाभळीच्या सावलीला बसून भाकरी खाल्ली. भावाच्या नातीने विचारलं, "आजी, आपलं घर कुठं होतं?" मी भावाकडे बघितलं. त्याने तोंडातला घास संपवला, शेजारी पडलेली काठी उचलली आणि सांगायला लागला, "ती तिथं चिंच."