दांड्याचं दुसरं काम

आपल्या गल्लीतल्या बॅटीचं पातं बहुधा काश्मिरी विलोचं असतं, दांडा मलेशिया-इंडोनेशियाकडच्या वेताचा, आणि दोघांचा सांधा जमवणारे हात जालंधरचे किंवा मेरठचे. फाळणीत सियालकोटहून उठून आलेल्या कारागिरांनी या दोन शहरांत हा धंदा वाढवला. इतक्या लांबून आलेली बॅट आमच्या राजूरच्या मैदानावर काही हंगाम खेळते, एक दिवस टोकाला फाटते आणि सरपणात जाऊन पडते. ती चुलीत जाण्याआधी माझ्या हाती लागावी, एवढीच माझी धडपड.

यातून काय बनवायचं, हे मी आधी ठरवत नाही. हे लाकूड मुळात कशासाठी निवडलं होतं, ते आधी बघतो. विलो हलका असतो, आणि बॅट घडवताना पातं रोलरखाली दाबतात. म्हणून चेंडू लागतो ती बाजू टणक आणि पाठ मऊ. या लाकडाचे स्टुलाला पाय लावले तर सांधे लवकर ढिले पडतात. पण आडवं करून भिंतीवर ठोकलं, की त्याचं झकास खुंटाळं होतं. नियमानं पात्याची रुंदी सव्वाचार इंचांच्या वर जात नाही. खुंटाळ्याला तेवढी पुष्कळ झाली. खुंट्या तुटक्या स्टंपांच्या. भोक पाडताना गिरमिट थोडं तिरकं धरावं लागतं, म्हणजे खुंटी वर तोंड करून बसते आणि ओला टॉवेलही घसरत नाही.

खरी दौलत दांड्यात आहे. वेताच्या कांबी एकमेकींना चिकटवून, मधे रबराच्या पट्ट्या घालून तो केलेला असतो, हाताला झिणझिण्या येऊ नयेत म्हणून. मग त्याला हातोडीचाच दांडा का करू नये? ग्रिप उभी चिरून काढायची, जुना दोरा उलगडायचा, सुटलेल्या कांबी पुन्हा चिकटवायच्या, नवा दोरा ताणून गुंडाळायचा. खिळा ठोकताना मनगटाला जो आराम मिळतो, तो साध्या बाभळीच्या दांड्यात नाही.

इथल्या कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले एक काका मुलाची बॅट खुंटाळ्यासाठी घेऊन आले होते. टोकाची चीर त्यांनीच कधीतरी नायलॉनच्या दोऱ्यानं आवळलेली. मी तो सोडवायला लागलो तर म्हणाले, "दोरा तेवढा काढू नको गा, तो माह्या हातचा हाये." दोरा तसाच ठेवून त्यावर लाखेचा हात दिला. आता त्यांच्या ओसरीत त्या खुंटाळ्यावर सगळ्यात आधी नजर त्या दोऱ्याकडेच जाते. तेव्हापासून चेंडूचे डाग आणि दुरुस्तीच्या खुणा मी घासून काढत नाही. नवं कोरं दिसणारं खुंटाळं हवं असेल तर बाजारात सागाचं मिळतंच की.

शेवटचा हात जवसाच्या कच्च्या तेलाचा. बॅटीला खेळतानाही तेच लावतात, आणि जवस तर आपल्या विदर्भातलंच पीक. पात्यावर प्लास्टिकची पातळ शीट असेल तर ती आधी सोलावी, नाहीतर तेल मुरत नाही. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या हवेतला प्राणवायू घेत घेत आतून तापतात आणि पेटतात. कोळशाचा ढीग आपोआप कसा धुमसतो हे राजुरात पोरासोरांनाही ठाऊक आहे, चिंधीचंही तसंच. मी त्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवतो.

जी बॅट अजून खेळेल ती मी कापत नाही, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी. चांगल्या बॅटीला भोक पाडून त्यात बल्ब लावलेले दिवे बघितले की मला त्रास होतो. टोकाची चीर लहान असेल तर आत फेविकॉल भरतो, रात्रभर शिकंज्यात आवळतो, दोरा गुंडाळतो आणि पोराच्या हातात परत देतो. परीक्षा संपल्या की अशाच बॅटींची रांग लागते. खुंटाळ्यांची कामं तेव्हा मागे पडतात, आणि मी ती पडू देतो.