गळा गेल्यावर

शाळामास्तराचा गळा बसला म्हणजे त्याचें निम्में भांडवल बुडालें असें समजावें. वर्षानुवर्षें वर्गांत ओरडून आमच्या गळ्याची जी दशा झाली आहे ती आमच्या घरच्या मंडळींस ठाऊकच आहे. पूर्वीं एका दमांत म्हणावयाचे श्लोक आतां दोन ठिकाणीं थांबून म्हणावे लागतात. पण गळा हेंच ज्याचें सर्वस्व, त्याचा गळा गेला तर त्यानें काय करावें? हा प्रश्न मनांत घोळत असतां एकोणिसाव्या शतकांतील एका फ्रेंच गायिकेचें चरित्र आमच्या वाचनांत आलें, आणि आमच्या प्रश्नाचें उत्तर तिनें आपल्या आयुष्यानेंच दिलेलें आढळलें. तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

पोलीन व्यार्दो हें त्या गायिकेचें नांव. १८ जुलै १८२१ रोजीं पॅरिस शहरीं, एका स्पॅनिश गवयाच्या घरीं तिचा जन्म झाला. बाप मान्वेल गार्सिया हा नामांकित गायक आणि तितकाच नामांकित गुरु, आई गायिका, थोरली बहीण मारिया मालिब्रान ही तर साऱ्या युरोपाची लाडकी. थोरल्या भावानेंहि गायनशिक्षकाचाच पेशा पत्करला, आणि १८५४ सालीं आरशांच्या योगानें स्वतःच्याच कंठांतील स्वरतंतु पाहण्याची युक्ति काढली. आपल्याकडे ज्यास घराणें म्हणतात तेंच हें. १८२५ सालीं हें कुटुंब अमेरिकेस गेलें, व न्यूयॉर्क शहरास इटालियन ऑपेरा, म्हणजे ज्यांत पात्रें आपलें बोलणेंहि गाऊनच करतात असें संगीत नाटक, प्रथम यांनींच दाखविलें. धाकट्या पोलीनला घरांत ‘मुंगी’ म्हणत, कारण ती सदा कांहींना कांहीं उद्योगांत गढलेली असे.

या मुंगीचें मन मात्र गाण्यावर नव्हतें. तिला पियानो वाजवावयाचा होता, आणि लिस्टसारखा वादक तिला गुरु लाभला होता. पण १८३२ सालीं बाप वारला, आणि १८३६ सालीं घोड्यावरून पडल्याचें निमित्त होऊन अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं बहीणहि गेली. तेव्हां आईनें सांगितलें, पियानो पुरे, आतां गाणें. पंधरा वर्षांच्या मुलीनें आईचा शब्द मोडला नाहीं. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांस असा शब्द ऐकण्याचा, आणि कित्येकांस तो उच्चारण्याचाहि प्रसंग आला असेल. तो शब्द सांगणें सोपें असतें. त्याची किंमत मात्र दुसऱ्यास भरावी लागते.

१८३९ सालीं लंडनमध्यें रोसिनीच्या ‘ओथेल्लो’ नाटकांत डेस्डेमोना होऊन ती प्रथम ऑपेराच्या रंगभूमीवर आली. रूप बेताचेंच, आवाजहि मधासारखा नव्हता. त्यास कोणीं कडू संत्र्याच्या चवीची उपमा दिल्याचें सें-सान्स हा संगीतकार नमूद करतो. तो आवाज मेझो-सोप्रानो जातीचा, म्हणजे स्त्रियांच्या उंच व खालच्या पट्टीच्या मधला होता. परंतु मेहनतीनें तिनें तो दोन्ही टोकांस असा ताणला कीं उंच पट्टीच्या भूमिका आणि खर्जांतल्या भूमिका ती सारख्याच करूं लागली. लोकांनीं वाहवा केली. गळ्यानें मात्र हिशेब लिहून ठेविला.

१८४० सालीं पॅरिसच्या इटालियन नाट्यगृहाचे संचालक लुई व्यार्दो यांच्याशीं तिचा विवाह झाला. ते तिच्याहून एकवीस वर्षांनीं वडील. पत्नीची कला मोठी हें ओळखून त्यांनीं आपली जागा सोडली व तिच्याबरोबर गांवोगांव हिंडणें पसंत केलें. १८४३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें तुर्गेनेव्ह हा रशियन लेखक बाईंचें गाणें ऐकून भारला गेला, आणि पुढें जन्मभर या कुटुंबाशीं जोडलेला राहिला. त्याची मुलगीहि याच घरीं वाढली. जग बोलावयाचें तें बोललें. लुई व तुर्गेनेव्ह हे दोघेहि १८८३ सालींच निवर्तले.

बाईंच्या भूमिकांत सर्वांत गाजली ती १८५९ सालची ऑर्फियसाची. ग्लुकचा हा जुना ऑपेरा बर्लियोझनें त्यांच्या आवाजाकरितां नव्यानें सिद्ध केला. कथा आपल्या सावित्रीच्या उलट आहे. येथें पतीच पत्नीस परत आणावयास यमलोकीं जातो. अट एवढीच कीं, वाटेंत मागें वळून पहावयाचें नाहीं. त्याला तें साधत नाहीं, आणि हातीं आलेलें पुन्हां हातचें जातें.

अवघ्या चार वर्षांनीं, १८६३ सालीं, ताणलेल्या गळ्यानें हिशेब मागितला. बेचाळिसाव्या वर्षीं बाईंनीं पॅरिसच्या रंगभूमीचा निरोप घेतला. पण त्यांनीं ऑर्फियसाप्रमाणें मागें वळून पाहिलें नाहीं. जर्मनींत बाडेन-बाडेन येथें घर करून त्या शिकवूं लागल्या, व स्वतः संगीतरचना करूं लागल्या. १८७० सालीं ब्राह्म्सची एक नवी रचना येना येथें प्रथम गाइली गेली ती त्यांच्याच मुखानें. त्याच सालीं फ्रान्स व प्रशिया यांचें युद्ध पेटलें आणि तें घर सोडावें लागलें. पॅरिसला परतल्यावर तेथील संगीतविद्यालयांत त्यांनीं १८७५ पर्यंत अध्यापन केलें. सें-सान्सनें आपला ‘सॅमसन आणि डलाइला’ हा ऑपेरा त्यांना अर्पण केला. पण तो रंगभूमीवर आला तेव्हां नायिका होण्याचें त्यांचें वय उलटून गेलें होतें. ती भूमिका दुसरीनें केली. १९०४ सालीं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षीं, सिंड्रेलाच्या गोष्टीवर पियानोच्या साथीचा एक छोटा ऑपेरा त्यांनीं रचला. आईच्या शब्दाखातर सोडलेला पियानो असा अखेरपर्यंत हाताशीं राहिला.

एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. १८५५ सालीं मोझार्टच्या ‘डॉन जियोव्हानी’ची त्याच्या हातची मूळ प्रत विकावयास निघाली. बाईंनीं आपले दागिने विकून ती घेतली. देव्हाऱ्यांत पोथी ठेवावी तशी ती त्यांच्या घरीं असे. चैकोव्हस्कीसारख्यांनीं येऊन तिचें भक्तिभावानें दर्शन घेतलें. पुढें ती त्यांनीं पॅरिसच्या संगीतविद्यालयास देऊन टाकिली. दागिने अंगावर राहिले असते तर वारसांत वांटले गेले असते. ती प्रत आज फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत सर्वांकरितां सुरक्षित आहे.

१८ मे १९१० रोजीं पोलीनबाई वारल्या. रंगभूमीवर गेलीं चोवीस वर्षें. ती सोडल्यावर त्या जगल्या सत्तेचाळीस वर्षें, आणि तीं सारीं शिकविण्यांत व रचण्यांत गेलीं. विद्याधन दिल्यानें वाढतें हें वचन आम्हीं मुलांकडून कितीदां घोकून घेतलें असेल! परंतु शाळेंतून निवृत्त झाल्यावर आमचीं पुस्तकें मात्र आम्हीं कपाटांत घालून कुलूप लाविलें होतें. तें चरित्र वाचून संपल्यावर आम्हीं कुलूप काढलें. शेजारचीं दोन मुलें आतां सायंकाळीं रूपावली म्हणावयास येतात. आमचा आवाज पुरत नाहीं, त्यांचा पुरतो.