बैल चाकावर होत नाही

पोळा उद्यावर आलेला, आणि नागपूरच्या माणसाने घर सोडून छिंदवाड्याच्या बसमध्ये बसायचं, हे आमच्याकडे कुणालाच पटलं नाही. "मातीचे बैल इथे चौकात मिळतात," असं बायकोने दोनदा सांगून पाहिलं. मिळतात, खरंच आहे. पण मला ते विकत घ्यायचे नव्हते, होताना पाहायचे होते.

याचं मूळ अमेरिकेत होतं. गेल्या वर्षी आम्ही दोघं दोन महिने मुलाकडे कॅलिफोर्नियात होतो. मुलगा-सून कामावर गेले की दिवस खायला उठायचा. अशाच एका दुपारी एका संग्रहालयात शिरलो आणि काचेमागच्या एका वाडग्यापाशी थांबलो. जाड काठ, तपकिरी झिलई आणि पोटावर कुंचल्याचे तीन-चार फटकारे. पाटीवर नाव होतं शोजी हामादा. पाहताना मनात आलं, हे तर आपल्याकडे कुंभाराच्या घरची सून काढते तसं आहे.

मग त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. हामादांचा जन्म 1894चा. 1920 साली ते बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराबरोबर इंग्लंडात सेंट आइव्हज इथे गेले, तिथे दोघांनी भट्टी बांधली. परत आल्यावर ते टोकियोच्या उत्तरेला माशिको या गावी राहिले. माशिको म्हणजे टोकियोच्या स्वयंपाकघरांना बरण्या, घागरी पुरवणारं कुंभारांचं गाव. तिथे मांडी घालून, काठीने फिरवायच्या चाकावर ते आयुष्यभर काम करत राहिले. ओकिनावात पाहिलेल्या उसाच्या पानांवरून त्यांनी एक नक्षी बसवली होती. तीच नक्षी त्यांनी हजारो भांड्यांवर काढली आणि भांड्यांवर सही मात्र केली नाही.

हे सगळं वाचताना माझ्या डोळ्यांपुढे पांढुर्णा यायचा. माझी आत्या तिथली. लहानपणी पोळ्याला तिच्याकडे जायचो, तेव्हा कुंभाराच्या ओट्यावर तासन् तास बसायचो. चाळीस वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो.

बस कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांपाशी आली तेव्हा पाऊस होता, सावनेरला उघडला. तिथे रस्ता फुटतो, एक पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे. मी मुद्दाम सौंसरचा धरला. केळवद मागे पडलं की पाट्या हिंदी होतात. बसमधलं बोलणं मात्र तसंच राहतं. "सरका ना जी थोडंसं," असं म्हणत एक बाई शेजारी टेकल्या आणि लगेच कापसाच्या भावावर बोलू लागल्या. 1956च्या 1 नोव्हेंबरपर्यंत हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता, राजधानी नागपूर. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. सोयरीक मात्र कुणी तोडली नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा, फळं अजून हिरवी. आंबिया बहाराला रंग चढायला वेळ होता.

सौंसरला उतरलो की मला अजून छोट्या गाडीची आठवण येते. नागपूर-छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची गाडी इतकी सावकाश चालायची की पोरं उतरून परत चढायची. 2015मध्ये ती थांबली आणि त्या मार्गावर रुंद रूळ आले.

बाजारात पोळ्याची गर्दी होती. झुली, घुंगरू, बेगड, रंगीत गोंडे. एका कोपऱ्यात पोत्यावर मातीचे बैल मांडून एक आजी बसल्या होत्या. समोर एक बाप लेकीला घेऊन उभा. पोरीने एक बैल उचलला, उलटा केला, पोटाकडून पाहिला, ठेवला, दुसरा उचलला.

"शिंग पाह्यतं ते पोरगी," आजी म्हणाल्या. "बैल शिंगावरूनच घ्या लागते."

शेजारच्या दुकानात साच्यातले पांढरेशुभ्र प्लास्टरचे बैल होते, एकाचं शिंग दुसऱ्याच्या शिंगाला तंतोतंत जुळणारं. तिथे कुणी शिंग पाहत नव्हतं.

सौंसर ते पांढुर्णा तासाभराचा रस्ता. सौंसरच्या जवळच जामसावळीचा निद्रिस्त मारुती आहे. त्या दिवशी मी बसमधूनच हात जोडले. 2023च्या ऑक्टोबरात सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा केला, तेव्हापासून स्टँडवरच्या पाट्या नव्या कोऱ्या झाल्या आहेत. गाव त्या पाट्यांमागे तसंच आहे, जाम नदीच्या काठाने पसरलेलं.

आत्या राहिली नाही, तिचं घरही विकलं गेलं. पण कुंभाराचं घर सापडलं. ओट्यावर बसलेले साठीतले गृहस्थ त्या जुन्या कुंभाराचे धाकटे चिरंजीव निघाले. आत्याचं नाव सांगितल्यावर त्यांनी आत आवाज दिला, "चहा ठेव वं, आपल्या घरचेच आहेत."

अंगणात ताडपत्रीखाली पन्नास-साठ बैल वाळत होते. एका बाजूला विजेचं चाक, त्याच्यामागे भिंतीला टेकवलेलं जुनं दगडी चाक. चाकावर ते नवरात्रातले घट करत होते. अंगठा गोळ्यात उतरला की काठ वर चढायचा, दोरा फिरला की घट सुटायचा. मी विचारलं, "मामा, बैल चाकावर का नाही करत?"

"चाकावर जे गोल आहे तेच होते जी. बैल कुठं गोल हाय? बैल चाकावर होत नाही, त्याले हातच लागते."

आणि त्यांनी करून दाखवला. मुठीएवढा गोळा तळहातावर वळला, चार बाजूंनी चिमटून पाय ओढले, पाठीवर अंगठा उलटा दाबून वशिंड उठवलं. मान किंचित खाली झुकवली. "उभ्या मानेचा बैल जुपत नाही," ते म्हणाले. शेवटी शिंगं, दोन वाती वळाव्यात तशी. पाणी लावून चिकटवली, बोटाने आत वाकवली. या सगळ्याला चहा निवेपर्यंतही वेळ लागला नाही.

हामादांची एक गोष्ट सांगतात. मोठ्या ताटावर पळीने झिलई ओतायला त्यांना पंधरा सेकंद लागत. कुणीतरी म्हणालं, एवढ्याशा कामाची एवढी किंमत? ते म्हणाले, पंधरा सेकंद अधिक साठ वर्षं. मी ही गोष्ट मामांना सांगितली. त्यांनी दुसरा गोळा उचलला आणि म्हणाले, "गिऱ्हाईक पंधराचेच पैसे देते ना जी."

माती गावाजवळच्या नाल्यातली. ती कुटायची, चाळायची, भिजवायची, राख आणि लीद घालून पायाने तुडवायची. तुडवण्याचं काम घरच्या बायकांचं. आवा रचताना खाली पऱ्हाटी, तुराट्या, मध्ये गोवऱ्या, वर कुटार. काळं मडकं हवं असेल तर आवा तापल्यावर वरून लीद-कुटार टाकून तोंड दाबायचं. धूर आत कोंडला की माती तो पिते.

हे ऐकताना मला न्यू मेक्सिकोची मारिया मार्टिनेझ आठवली. सान इल्देफोन्सो या मूळ अमेरिकनांच्या वस्तीत तीही पेटलेल्या आव्यावर शेणाचा भुगा टाकून भांडी काळी करत असे, आणि तिच्याही कामात सगळं घर राबत असे. 1952 साली हामादा, लीच आणि विचारवंत सोएत्सू यानागी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा तिच्या अंगणातही गेले होते. त्याच दौऱ्यात मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी एका वीटभट्टीच्या आवारात हामादांनी चाकावर काम करून दाखवलं. तिथले तरुण कुंभार भोवती उभे राहून पाहत होते. 1963मध्ये ते पुन्हा अमेरिकेला गेले तेव्हा मुलगा आत्सुया मदतीला होता. एका देशाच्या कुंभाराने घरातला हात सोबत घेऊन दुसऱ्या देशाच्या कुंभारांपुढे बसावं आणि त्यांनी नुसतं पाहून शिकावं, असा तो काळ होता.

पांढुर्ण्याच्या मामांचा मुलगा नागपुरात एका गोदामात कामाला आहे. पोळ्याला सुटी मिळाली की येतो. बैलांना रंग त्याची बायको देते. ती कोपऱ्यात बसून एकेक बैल डाव्या हातात फिरवत होती. पाठीवर झुलीचा लाल पट्टा, शिंगांना सोनेरी टोक, आणि पट्ट्यावर पांढऱ्या रंगाच्या तीन रेघा. तिन्ही एका दमात, मधे हात न उचलता.

"या रेघा कशाच्या?" मी विचारलं.

ती हसली. "सासूबाई काढत होत्या. मी पण काढते."

कॅलिफोर्नियातल्या काचेमागच्या फटकाऱ्यांपुढे मी अर्धा तास उभा होतो, पण तिथे हात दिसत नव्हता. इथे तो डोळ्यांसमोर चालत होता. आणि गिऱ्हाईक पंधराचेच पैसे देतं, हे मामांचं म्हणणं मला थोडं पुढे न्यावंसं वाटलं. हेलेनाच्या वीटभट्टीत हामादांभोवती माणसं उभी होती. या अंगणात त्या दुपारी पाहणारा मी एकटाच होतो. कसब दोन्हीकडे आहे, पाहणारे एकाच बाजूला मिळाले. काठ झुकलेल्या वाडग्याला जपानी माणूस दाद देतो, आणि आपण सारखे बैल हवेत म्हणून साच्यातला उचलतो. सौंसरच्या त्या पोरीला मात्र हे कुणी शिकवलेलं नव्हतं, तरी ती शिंग पाहत होती.

निघताना मी दोन बैल घेतले. मामांनी ते जुन्या वर्तमानपत्रात कुटार घालून गुंडाळले. "कच्चे हायेत. सारा पंधरवडा पाऊस, आवा लागलाच नाही. पाण्यापासून जपा. अन् विरघळलेच तं वृंदावनात टाका, मातीच हाय."

स्टँडकडे जाताना जाम नदीचा पूल लागला. पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा. पांढुर्ण्याचे लोक ते तोडायला धावतात आणि सावरगावचे दगडांनी अडवतात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जाताना इथे अडकले, अशी कथा सांगतात. दरवर्षी माणसं जखमी होतात, काही जिवानिशी गेली आहेत. प्रशासनाने एकदा रबरी चेंडू देऊन पाहिले. लोक पुन्हा दगडांवरच आले. बाहेरचे लोक पांढुर्ण्याला येतात ते याच दिवसासाठी, कॅमेरे घेऊन.

पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या पाटावर ते दोन बैल उभे राहिले. बायकोने ओवाळताना एकाची मान पाहिली आणि म्हणाली, "हा जुपायचा बैल दिसतो." मी काही सांगितलं नव्हतं.

तुम्हाला जायचं असेल तर अमावास्येच्या आदल्या दिवशी जा. पोळ्याच्या दिवशी ते अंगण रिकामं झालेलं असतं, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत दगड असतात.