भिंगाचें वर्तुळ

भिंग गोल आणि छायाचित्र चौकोनी. या दोहोंचें जमतें कसें, हा प्रश्न फार थोड्यांना पडत असेल. खरें पाहतां भिंग नेहमीं गोलच चित्र पाडतें. त्या गोलांतून हवा तेवढा चौकोन आपण घेतों, इतकेंच. वर्तुळ पुरेसें मोठें असेल तर सारें ठीक. तें अपुरें असलें, कीं चौकोनाचे कोपरे उपाशी राहतात.

आमच्या ओटीवर १९५० सालच्या सुमाराचें एक कौटुंबिक छायाचित्र आहे. मध्यभागीं पणजोबा, त्यांच्या पगडीची घडी न् घडी मोजून घ्यावी. परंतु नजर टोकांकडे वळवावी, तसतसे चेहरे पुसट होत जातात. अगदीं डाव्या टोकाच्या आत्याआजींच्या मुखाच्या जागीं तर केवळ एक करडी सावली आहे. लहान वयांत वैधव्य येऊन माहेरीं परतलेल्या या बाईंनीं आमचें स्वयंपाकघर चाळीस वर्षें सांभाळलें. त्यांचें दुसरें चित्र नाहीं. आजी त्यांच्याविषयीं बोलूं लागली, कीं "वन्सं तुम्हांला दाखवूं कशा?" असें म्हणून मध्येंच थांबते.

ज्या सागवानी कॅमेऱ्यानें तें चित्र घेतलें, तो आणि त्याचीं पितळी भिंगें वारशानें माझ्याकडे आलीं आहेत. त्यांतलें एक, जोसेफ पेट्झवाल यानें १८४० सालीं व्हिएन्ना येथें रचलेल्या जातीचें. उजेड भरपूर घ्यावा आणि एकट्याची तसबीर लवकर उतरावी, हा त्याचा हेतु. मध्याला तें अत्यंत तीक्ष्ण. पण त्याची प्रतिमा सपाट न पडतां वाटीसारखी वळते, म्हणून कडांना धूसरता येते. भिंगांत खोट नाहीं. एकाच्या तसबिरीचें भिंग वीस माणसांना लावलें, एवढेंच झालें.

वर्तुळ पुरतें कीं नाहीं, याचा हिशेब सोपा आहे. 'फुल प्लेट' म्हणजे ६॥ इंच बाय ८॥ इंच. तिचा कर्ण सुमारें १०.७ इंच. वर्तुळाचा व्यास निदान तेवढा हवा. भिंग ६० अंशांचा कोन व्यापीत असेल, तर दूरच्या दृश्यासाठीं व्यास नाभ्यंतराच्या सुमारें १.१५ पट होतो. ९० अंशांचा असेल, तर दुप्पट. मात्र उजेडाचें वर्तुळ निराळें आणि रेखीवपणाचें निराळें. दुसरें बहुधा लहानच असतें. १८९२ सालीं एमिल फॉन होएग यानें गोएर्झ कंपनीसाठीं रचलेल्या डागोर भिंगाचा विशेष असा, कीं छिद्र बारीक करावें तसें त्याचें रेखीव वर्तुळ रुंदावत जातें.

गेल्या मार्गशीर्षांत आजीचें सहस्रचंद्रदर्शन झालें. घरचीं तीस माणसें जमलीं. काकांचा आग्रह पेट्झवालचा होता. "उत्सव आईचा, तिचा चेहरा खुलला म्हणजे झालें," ते म्हणाले. त्यांत तथ्य होतें. वृद्ध मुखाला तें भिंग फार शोभतें. तथापि मीं डागोर लावलें. कांचेच्या चारी कोपऱ्यांतून भिंगाकडे पाहिलें. छिद्र बदामासारखें चेपलेलें दिसलें, तर कोपऱ्याला पुरा उजेड मिळत नाहीं असें समजावें. एफ/३२ पर्यंत छिद्र लहान केल्यावर तें चारी ठिकाणीं गोल दिसलें. त्याची किंमत वेळेच्या रूपानें द्यावी लागली: दोन सेकंद सर्वांनीं निश्चल राहायचें. लहान मुलांसाठीं दोन प्लेटी खर्ची पडल्या.

डाव्या टोकाला आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी उभ्या होत्या. "मी कशाला?" म्हणत त्या मागें सरत होत्या, आजीनें त्यांना बोलावून घेतलें.

छाप तयार झाल्यावर ती आजीच्या हातीं दिली. काकांनीं तिला तिचा स्वतःचा चेहरा दाखवूं पाहिला, पण तिनें वाचायचें भिंग मागितलें आणि तें डाव्या टोकावर धरलें. बराच वेळ पाहून म्हणाली, "हिची चमकी देखील दिसते रे." मग तिनें ओटीवरच्या जुन्या चित्राकडे एकदां पाहिलें, आणि नवें चित्र त्याच्या शेजारीं लावायला सांगितलें.