बिनतारी माइक घेताना



यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी शाळेने दोन बिनतारी माइक विकत घेतले. "अमेरिकेहून फुकट येत होते, ते का नाकारले?" असे काही पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथेच देते.

माझे सर्व शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे फ्रीक्वेन्सीला आम्ही 'आवृत्ति' म्हणत असू. मराठीत आवृत्ती पुस्तकाची. लहरींची ती वारंवारता! शब्द कोणताही घ्या, माइक घेताना कंपनीच्या नावाआधी तीच पाहावी लागते.

बिनतारी माइक म्हणजे एक चिमुकले रेडिओ केंद्रच. कोणता पट्टा कोणी वापरायचा, हे आपल्याकडे दूरसंचार विभागाची वायरलेस प्लॅनिंग शाखा पाहते. पूर्वी बरेच माइक टीव्हीच्या पट्ट्यांतील मोकळ्या जागेत चालत. मग मोबाइलला जागा हवी झाली. अमेरिकेने २०१० साली ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून माइक हटवले आणि जुलै २०२० पर्यंत ६०० च्या पट्ट्याचा बहुतेक भागही रिकामा करायला लावला. आमच्या माजी विद्यार्थ्याने प्रेमाने देऊ केलेला संच नेमका याच ६०० च्या पट्ट्यातला.

तिथे बाद झाला तरी इथे वाजेल, हे खरे. पण आपल्याकडेही २०२२ च्या लिलावात ७०० चा पट्टा मोबाइलकडे गेला. ६०० चा पट्टाही तेव्हा मांडला होता. त्याला बोली आली नाही, इतकेच. शिवाय सूट दिलेल्या पट्ट्यांबाहेर परवाना लागतो. वर्गात नागरिकशास्त्र शिकवायचे आणि रंगमंचावर विनापरवाना माइक लावायचा, हे मनाला पटेना. नकाराचे पत्र लिहिताना हात जड झाला. पंधरा दिवस उत्तर नव्हते. मग उत्तर आले, आणि सोबत ग्रंथालयासाठी देणगीही.

आम्ही २.४ गिगाहर्ट्झचे माइक घेतले. हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. मात्र त्यात वाय-फाय आणि ब्लूटूथचीही गर्दी असते, आणि माणसांचे शरीर या लहरी अडवते. म्हणून दुकानात नव्हे, सभागृहात मुले बसवून चाचणी घेतली. कार्यक्रमापुरते शाळेचे वाय-फाय बंद ठेवले. रिसीव्हर मागच्या कपाटातून काढून रंगमंचाजवळ उंचावर ठेवला. बहुतेक हातातल्या माइकचा अँटेना खालच्या टोकाला असतो, तो मुठीत झाकायचा नाही, हे मुलांना शिकवले. तारेचा एक माइक मात्र हाताशी ठेवलाच. बॅटरीचा भरवसा कोणी द्यावा!

एवढा खटाटोप कशासाठी? अहिल्याबाईंची भूमिका करणारी पाचवीतली मुलगी आवाजाने बारीक. स्टँडच्या माइकपुढे ती खांबासारखी उभी राही, दोन पावले सरकली की आवाज गडप. या वेळी ती दरबारभर फिरली, रागावली, न्याय दिला आणि शेवटच्या रांगेतल्या आजीलाही शब्दन् शब्द कळला.

आपल्या मंडळासाठी माइक घ्यायचा असेल, तर संचावरचा पट्टा वाचा, विक्रेत्याकडे मंजुरीचा कागद मागा आणि आपल्याच सभागृहात वाजवून पाहा. हवा असेल तर आमचा संच शाळेत येऊन जरूर पाहावा.