उन्हाळा सोसणारी फुले

सोलापुरात बाग करावयाची म्हणजे प्रथम उन्हाशी सलोखा करावा लागतो. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांच्या वर चढतो, काळ्या जमिनीला भेगा पडतात आणि पाणी मोजूनच वापरावे लागते. अशा गावी झेंडू-शेवंतीपलीकडचे काही लावावे आणि ते एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकावे, असा छंद आम्हा घरच्या मंडळींना जडला. रोपवाटिकांतील देखणी विदेशी रोपे बहुधा थंड, दमट हवेची लेकरे. सोलापूरच्या उन्हात त्यांचे लाड पुरवणे कठीण. म्हणून ज्या वनस्पतींनी आपल्या मुलखातील असंख्य उन्हाळे काढले, त्यांनाच आम्ही घरी बोलावयाचे ठरवले.

प्रथम आली ती कळलावी. पानांच्या टोकांना फुटलेल्या ताणांनी ती कुंपण धरून चढते. पावसाळ्यात तिच्या पिवळ्या-तांबड्या पाकळ्या ज्वाळांप्रमाणे वर उलटतात. पुढे सारा वेल वाळून जातो आणि झाड मेले असेच नवख्याला वाटते. परंतु मातीखाली नांगराच्या आकाराचा कंद जिवंत असतो. तिचे ‘लांगली’ हे संस्कृत नाव त्यावरूनच पडले. हा कंद अतिशय विषारी, म्हणून मुलांचा हात पोहोचणार नाही अशाच कोपऱ्यात तिला जागा दिली आहे.

त्यानंतरचे नवल म्हणजे कंदीलपुष्प, म्हणजेच खरपुडी. या नाजूक वेलीचे फूल इवल्याशा कंदिलासारखे असते. चिमुकल्या माश्या त्याच्या नळीत शिरतात. आत खाली वळलेले केस त्यांना बाहेर येऊ देत नाहीत. फूल कोमेजू लागले की केस सुकतात, माश्या पराग घेऊन सुटतात आणि दुसऱ्या फुलाकडे जातात. हिचाही जीव कंदात. विश्रांतीच्या महिन्यांत पाणी घातले तर तो कंद कुजतो. पाणी न घालणे हीच जिची सेवा, अशी वेल सोलापूरकरांना आणखी कोणती हवी?

या वनस्पतींविषयी वाचताना आपल्या धर्मगुरूंची नावे भेटली, याचा आम्हांस विशेष आनंद झाला. स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात आहे. मूळचे स्पेनचे फादर सांतापाव यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची धुरा वाहिली. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कंदीलपुष्पाच्या एका जातीला त्यांचेच नाव आहे. परदेशातून आलेल्या या माणसांनी आपले डोंगर पायी तुडवून जे टिपले, ते आपल्या अंगणात कितीसे उरले आहे?

हा प्रश्न शिवसुमनापाशी फार टोचतो. एकोणिसाव्या शतकात जुन्नर परिसरात डाल्झेल यांना ते गवसले आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्या नावावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले. शिवनेरीसारख्या मोजक्याच कड्यांवर ते उरले आहे. मांसल खोड, मातकट तांबड्या रंगाचे चांदणीसारखे फूल. उन्हाळ्यात पाने गाळून नुसते खोड तग धरते. फांदीच्या तुकड्यापासून ते कुंडीत सहज रुजते. आमच्याकडचे रोप एका छांदिष्ट स्नेह्याच्या कुंडीतून आले, कड्यावरून नव्हे.

वाचकहो, भेद आहे तो इथेच. रानातून उपटून आणलेले रोप रानाला पारखे होते. कुंडीतून कुंडीत गेलेले रोप मात्र वाढतच राहते. म्हणून दुर्मीळ रोप विकत घेताना ते कुठून आले हे अवश्य विचारावे, समाधानकारक उत्तर न मिळाल्यास मोह आवरावा, आणि आपले रोप जोमदार झाले की त्याची एक फांदी शेजाऱ्याला द्यावी. आमच्या शिवसुमनाच्या तीन फांद्या आजवर तीन घरी पोहोचल्या आहेत. मे महिन्यात आमच्या काही कुंड्या रिकाम्या दिसतात. पाहुणे नवल करतात, तेव्हा आम्ही एवढेच सांगतो की आत कंद निजले आहेत, मृगाचा पाऊस त्यांना उठवील.